भाकरीच्या वाटेवरचा क्रांतिकारक

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने १९२० च्या दशकात भिंतींमागून भिंती रंगविल्या. त्यांतील एका चित्राचे नाव ‘आपली भाकर’ असे आहे. स्पॅनिश शब्दाचा अर्थ खरे तर पाव असा होतो. परंतु विदर्भात जन्मलेल्या माणसाने त्याला भाकरच म्हणावे, नाही तर त्या नावाचा अर्थ पोटापर्यंत पोचत नाही. हे चित्र मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पुस्तकातील प्रतिकृतीच कितीतरी वेळा न्याहाळली आहे. एक मेज, त्याभोवती निरनिराळ्या वर्णांची, निरनिराळ्या वयांची साधी माणसे, त्यांच्यामागे डोक्यावर फळांची पाटी घेऊन उभी असलेली स्त्री आणि मध्यभागी भाकर मोडून वाटणारा एक पुरुष. कोणत्याही कॅथोलिक घरातील लहान मुलाला हे चित्र दाखवावे, ते क्षणात सांगेल की हे प्रभूचे शेवटचे भोजन आहे. आणि रंगविणारा तर उघड उघड नास्तिक, साम्यवादी!

त्या मेजावर भाकर मोडणाऱ्या पुरुषात रिव्हेराने आपल्या एका हिंदी मित्राचे रूप रेखाटले, असे सांगतात. हा मित्र वर्ध्याकडचा. घरची भाषा मराठी. नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध शस्त्र हाती घेतलेला हा क्रांतिकारक अर्धे जग पालथे घालून मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाला आणि शेवटी आपल्या नागपुरात येऊन राहिला. २२ जानेवारी १९६७ रोजी त्याचे निधन झाले.

खानखोज्यांविषयी लिहावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते. त्यांचे चरित्र मराठीत आहे, आणि तेही आपल्या वसईकर लेखिका वीणा गवाणकर यांनी लिहिलेले. ‘एक होता कार्व्हर’ ज्यांच्या घरी आहे त्यांनी ‘नाही चिरा’ही मिळवून वाचावे. खानखोज्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनीही वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आहे. तेव्हा चरित्र सांगणे हा माझा हेतू नाही. मला सांगावयाचे आहे ते भुकेविषयी. आणि त्यासाठी प्रथम माझ्या पणजीची हकीकत सांगणे भाग आहे.

पणजीला मी पाहिले नाही. जे ठाऊक आहे ते आजीच्या तोंडून ऐकलेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ कोसळले. एकातून उठू पाहणारी माणसे दुसऱ्यात गेली. १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, यावरून काय झाले असेल याची कल्पना करता येते. वैनगंगेकाठच्या एका खेड्यातील आमचे कुटुंब सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेले. पणजीचे वडील तेथेच पटकीने गेले. आईने दोन मुलींना घेऊन रेल्वेच्या रुळांच्या कडेने नागपूरची वाट धरली. धाकटी वाटेत गेली. थोरली, म्हणजे माझी पणजी, तेव्हा सहा-सात वर्षांची असावी. तिला सिस्टरांच्या अनाथाश्रमात सोडून आई पुन्हा कामाच्या शोधात निघून गेली, ती परत आली नाही.

नागपूरचा धर्मप्रांत तेव्हा नवाच होता. त्याची स्थापना १८८७ सालची. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातून आलेल्या, संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे धर्मगुरू येथे काम करीत. दुष्काळाने त्यांच्या दाराशी मुलांची रीघ लावली. त्यांतील किती जगली आणि किती त्या आश्रमांच्या दफनभूमीत विसावली, याची नोंद जुन्या वह्यांतून आहे. माझी पणजी जगली, तिचा बाप्तिस्मा झाला, शिवण शिकली, लग्न झाले. परंतु आजी सांगत असे, तिच्या आईने मरेपर्यंत पदराच्या टोकाला भाकरीचा सुका तुकडा बांधून ठेवण्याची सवय सोडली नाही. घरात धान्याची कणगी भरलेली असली तरीही! रात्री झोपताना तो तुकडा उशाशी, सकाळी उठल्यावर पुन्हा पदराला. महिन्या-पंधरा दिवसांनी जुना तुकडा पाखरांना घालून नवा बांधावयाचा.

‘पोटासाठी बाटलेले’ हे शब्द आमच्या घराण्याने तीन पिढ्या ऐकले. आजीने ते विहिरीवर ऐकले, वडिलांनी शाळेत, आणि मीही नोकरीत एकदा, अगदी हसतखेळत बोलल्यासारखे. वडील अशा वेळी रागावत. आजी मात्र रागावत नसे. ती म्हणे, “बाबू, पोटासाठीच तर. मग? पोट काय देवानं दिलं नाही?” तिच्या या उत्तरात किती मोठे धर्मशास्त्र आहे हे मला उशिरा उमगले.

नेमक्या त्याच वर्षांत, आमचे खेडे जेथे उजाड झाले त्याच प्रांतात, वर्ध्याला एक शाळकरी मुलगा मोठा होत होता. वडील अर्ज लिहून देण्याचा व्यवसाय करीत. शिक्षणासाठी मुलगा नागपुरात आला, लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारला गेला. धान्य नव्हते असे नव्हे. आगगाड्यांनी ते बंदराकडे जात होते. नर्मदेच्या खोऱ्यातील गहू विलायतेला पाठविण्याचा व्यापार त्याच्या आधीच्या वर्षांत भरभराटीला आलेला होता. पिकविणारा उपाशी आणि पिकलेले परदेशी, हे गणित त्या पिढीतील विचारी तरुणांच्या डोळ्यांसमोर उघडे पडलेले होते. सिस्टरांनी त्या दुष्काळात पदरी आलेल्या पोरीला भाकर दिली. या तरुणाने भाकर नेणाऱ्याचा हात मोडावयाचे ठरविले. दोन्ही कृत्यांचा उगम एकाच भुकेत आहे, असे मी मानतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खानखोजे देशाबाहेर पडले आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. तेथे त्यांनी काय शिकले पाहा. कॅलिफोर्नियात सॅन राफाएल येथे माउंट टॅमलपायस मिलिटरी अकॅडमी नावाची संस्था होती, तेथे लष्करी शिक्षण घेतले. आणि दुसरीकडे शेतकीचा अभ्यास चालू ठेवून १९१३ साली वॉशिंग्टन स्टेट कॉलेजची पदवी मिळविली. चरित्रकार बहुधा या दोन शिक्षणांची वेगवेगळी प्रकरणे करतात. जणू आधी एक खानखोजे होते, मग दुसरे झाले. मला तसे वाटत नाही. जो माणूस एकाच काळात बंदूक चालविणे आणि बियाणे निवडणे शिकतो, त्याच्या मनात स्वराज्याचा अर्थ पहिल्यापासूनच भाकरीशी बांधलेला असला पाहिजे. नुसते राज्य उलथावयाचे असते तर शेतकीच्या पदवीची काय गरज होती?

लाकूड कापण्याच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी मजूर त्या किनाऱ्यावर पुष्कळ होते. त्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनेतून गदर पार्टी उभी राहिली. खानखोजे तिच्या संस्थापकांपैकी एक. पक्षाचे ‘गदर’ हे पत्र १ नोव्हेंबर १९१३ पासून सॅन फ्रान्सिस्कोहून निघू लागले. लाला हरदयाळ यांची लेखणी सर्वांना ठाऊक आहे. खानखोज्यांकडे लढ्याची, शस्त्रांची बाजू होती. याच पक्षातला आपला दुसरा मराठी तरुण, पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे, हिंदुस्थानात परतला, सैन्यात उठाव घडविण्याच्या प्रयत्नात पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फासावर गेला. खानखोज्यांच्या वाट्याला फास आला नाही. आले ते भटकणे. महायुद्धाच्या काळात जर्मनांच्या मदतीने इराणमार्गे हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत जाण्याचे प्रयत्न झाले, तेथील टोळ्यांबरोबर राहून इंग्रजी फौजांशी झुंजी झाल्या. युद्ध संपले आणि ती वाटही संपली. मग बर्लिन, मग मॉस्को. मायदेशाचे दार बंद, युरोपात इंग्रज हेरांचा पहारा. १९२४ साली ते मेक्सिकोला आले.

येथून पुढचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. मी स्वतः नागपूरच्या महाराजबागेतील कृषी महाविद्यालयात शिकलो. १९०६ साली सुरू झालेले हे महाविद्यालय. तेथील जुन्या झाडांखाली बसून आम्ही वनस्पतींच्या संकराचे धडे पाठ केले. त्यामुळे खानखोज्यांच्या मेक्सिकोतील कामाचे वर्णन वाचताना मला त्यांचे हात दिसतात. मेक्सिको शहराजवळ तेस्कोकोच्या परिसरात चापिंगो येथे राष्ट्रीय कृषिविद्यालय होते. एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात ते भरत असे. खानखोजे तेथे प्राध्यापक झाले आणि मक्याच्या संशोधनाला लागले.

मका हे विलक्षण पीक आहे. माणसाच्या मदतीवाचून ते जगूच शकत नाही. कणसाचे दाणे आपोआप विखुरत नाहीत, कोणी तरी सोलून पेरावे लागतात. एकाच ताटावर शेंड्याला तुरा, तो नर. आणि मध्ये पानाच्या बेचक्यात कणीस, ती मादी. कणसातून बाहेर येणारा प्रत्येक रेशमी केस आतल्या एकेका दाण्यापर्यंत गेलेला असतो. त्या केसावर परागाचा कण पडला तरच तेथे दाणा भरतो. न पडला तर ती जागा रिकामी राहते. पराग वाहून नेतो वारा, आणि वाऱ्याला कुंपण कळत नाही. म्हणून ज्याला एका वाणाचा दुसऱ्याशी ठरवून संकर करावयाचा असेल त्याने केस फुटण्याआधीच कणसावर कागदी पिशवी चढवावयाची, तुऱ्यावर दुसरी पिशवी बांधून पराग गोळा करावयाचे, आणि योग्य त्या सकाळी पिशवी उघडून ते हलक्या हाताने केसांवर झटकून पुन्हा ती बांधून टाकावयाची. हे शेकडो ताटांवर करावयाचे. मग कणसे पिकेपर्यंत थांबावयाचे. त्यांतून पाच-दहा निवडावयाची आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. एक चांगले वाण हाती येण्यास सहा-सात, कधी दहा हंगाम जातात. घाई केली की सारे फुकट.

बाँब आणि बंदुकांच्या जगातून आलेला, ज्याच्या मित्रांपैकी कित्येक फासावर चढले होते असा हा चाळिशीचा पुरुष मेक्सिकोच्या उन्हात मक्याच्या कणसांना पिशव्या बांधीत फिरतो आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणले की माझे मन भरून येते. पुष्कळांना यात क्रांतीचा पराभव दिसतो. हातातील शस्त्र गेले म्हणून पोटासाठी शेतकी, असे! पुन्हा तेच शब्द, ‘पोटासाठी’.

त्यांनी निव्वळ प्रयोगशेतातच काम केले असेही नाही. ज्या शेतकऱ्यांना विद्यालयाची पायरी चढता येत नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या. खेड्यातच भरणाऱ्या, फी न घेणाऱ्या. त्यांतील एकीला क्रांतिनेता झपाटा याचे नाव होते. जमिनीच्या वाटपासाठी लढून नुकतीच शेते हाती आलेल्या माणसांना तेथे बियाणे निवडणे आणि पीक सुधारणे शिकविले जाई. इटलीत जन्मलेली छायाचित्रकार तीना मोदोत्ती हिने या शाळांची, त्यांतील शेतकऱ्यांची आणि खानखोज्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली. ती आज कलेच्या इतिहासात गणली जातात. रिव्हेराने चापिंगोलाही भिंती रंगविल्या आणि तेथे एक वाक्य लिहिले. त्याचा आशय असा की या ठिकाणी जमिनीचे शोषण शिकविले जाते, माणसाचे नव्हे. १९३६ साली खानखोज्यांनी जान सिंदिक या बेल्जियन युवतीशी विवाह केला आणि मेक्सिकोतच संसार मांडला.

आता एक अवघड प्रश्न. तो माझा नव्हे, माझ्या थोरल्या बंधूंचा. दादा धर्मगुरू आहेत. त्यांच्या खोलीत, टेबलाच्या वरच्या भिंतीवर, एका तरुण धर्मगुरूचे छायाचित्र पुष्कळ वर्षांपासून टांगलेले आहे: दोन्ही हात क्रुसासारखे पसरून गोळीबाराच्या पथकासमोर उभे असलेले येशूसंघीय फादर मिगेल प्रो. मी मोठ्या उत्साहाने दादांना खानखोज्यांची हकीकत सांगितली, चित्राची प्रतिकृती दाखविली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि भिंतीकडे बोट करून म्हणाले, “अरे, हे रंगवलं गेलं त्या वेळी हे कुठं होते ठाऊक आहे का तुला?”

ठाऊक होते. १९२६ साली मेक्सिकोचे अध्यक्ष प्लुतार्को कायेस यांनी ख्रिस्तसभेवर कठोर कायदे लादले. ३१ जुलै १९२६ पासून तेथील बिशपांनी सार्वजनिक उपासना थांबविली; देवळे उघडी, पण वेदी सुनी. ख्रिस्तराजाचा जयघोष करीत शेतकरी उठले. ही लढाई १९२९ पर्यंत चालली. फादर प्रो वेष पालटून राजधानीत फिरत, घराघरांत गुपचूप ख्रिस्तप्रसाद देत. अध्यक्षपदाचे उमेदवार ओब्रेगॉन यांच्यावर झालेल्या हल्ल्याचा आळ घेऊन कोणताही खटला न चालविता २३ नोव्हेंबर १९२७ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आणि इतरांना जरब बसावी म्हणून त्या प्रसंगाची छायाचित्रे काढविण्यात आली. तेच छायाचित्र आज दादांच्या भिंतीवर आहे. पुढे फेब्रुवारी १९२८ मध्ये होसे सांचेझ देल रिओ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा श्रद्धा सोडण्यास नकार दिला म्हणून मारला गेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली फादर प्रो यांना धन्य घोषित केले, २००० साली या छळातील पंचवीस हुतात्म्यांना संतपद दिले. आणि २०१६ साली तो मुलगाही संत घोषित झाला.

आणि खानखोजे? ते त्याच सरकारच्या विद्यालयात प्राध्यापक होते. रिव्हेराने चापिंगोला रंगविलेल्या भिंतींतील सर्वांत गाजलेल्या भिंती कोणत्या, तर जहागिरीच्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या. जेथे वेदी होती तेथे आता भूमातेचे नग्न चित्र.

मी दादांना म्हणालो, “खानखोज्यांनी कोणाचा छळ केला नाही. त्यांनी मका सुधारला.”

“हो. पण त्यांची भाकर आणि गोळी घालणाऱ्या शिपायाचा पगार, दोन्ही एकाच तिजोरीतून येत होते,” दादा म्हणाले. रागाने नव्हे. दादा रागावत नाहीत, तेच अधिक जड जाते.

यावर आमचे पुष्कळ बोलणे झाले, त्या रात्री आणि नंतरही. मी म्हणे, परक्या देशात आश्रय मिळालेल्या, मायदेशाला पारख्या झालेल्या माणसाने कोणत्या सरकारची चाकरी करावी? दादा म्हणत, परका असला तरी डोळे असतात. मी म्हणे, पिढ्यान्‌पिढ्या जहागिरदारांच्या ताब्यात असलेली जमीन कसणाऱ्याला मिळू लागली होती, आणि तेथील ख्रिस्तसभेतील पुष्कळ मोठी माणसे त्या जहागिरदारांच्या पंगतीला बसणारी होती. दादा ते नाकारीत नसत. ते म्हणत, परंतु ख्रिस्तराजाच्या नावाने जे लढले ते जहागिरदार नव्हते. ते हालिस्को आणि मिचोआकानचे मका पेरणारे शेतकरीच होते. ज्यांच्यासाठी तुझे खानखोजे वाण शोधत होते, त्यांच्यासारख्यांच्याच गळ्यात जपमाळ होती.

हे खरे आहे, आणि म्हणूनच हा पेच सोपा नाही. आपल्या मासिकांतून थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना आपण असे प्रसंग गाळून पुढे जातो. दादांच्या भिंतीवरील छायाचित्र आणि माझ्या पुस्तकातील चित्र यांना मी एकत्र बसवू शकत नाही. दोन्ही एकाच देशातील, एकाच दोन-तीन वर्षांतील आहेत. दादांनीच मला फादर प्रो यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली: गुप्त वास्तव्याच्या त्या दिवसांत ते गरीब कुटुंबांसाठी धान्य आणि खाण्याच्या वस्तू मागून आणीत आणि घरोघर पोचवीत. ज्या हातांनी ख्रिस्तप्रसाद नेत त्याच हातांनी धान्यही नेत. मी दादांना आजीच्या शब्दांची आठवण दिली. ते बोलले नाहीत, पण हसले.

असो. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि ज्यासाठी सारे आयुष्य उधळले ते डोळ्यांनी पाहावे म्हणून खानखोज्यांनी परत येण्याची परवानगी मागितली. ती प्रथम नाकारण्यात आली! इंग्रजांनी घातलेली बंदी कागदावर तशीच होती, आणि स्वतंत्र देशाच्या कचेरीने त्या कागदाचा मान राखला. साम्राज्य गेले तरी त्याच्या फायली पुढच्या माणसाच्या हाती जशाच्या तशा जातात, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती अडचण दूर झाली. ते भारतात आले आणि नागपुरात स्थायिक झाले. ज्या शहरातून तरुणपणी निघाले तेथे म्हातारे होऊन परतले. त्यांचे सोबती कधीच गेलेले, त्यांचे काम दूर देशीच्या मातीत, आणि त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी अशा मुलखांत घडलेल्या की ज्यांची नावेही शेजाऱ्यांना नीट उच्चारता येऊ नयेत. अशा माणसाला कोणत्या पुतळ्याजवळ उभे करावे हे गावाला कळत नाही.

त्यांच्या अखेरच्या वर्षांशी जुळून आलेली एक घटना शेतकीचा विद्यार्थी म्हणून मला विसरता येत नाही. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. बिहारात दुष्काळ पडला. अमेरिकेच्या जहाजांतून येणाऱ्या गव्हाची देश वाट पाहत होता. त्या १९६६ साली भारताने गव्हाचे अठरा हजार टन बियाणे परदेशातून आणविले. लेर्मा रोखो, सोनोरा अशी त्या बुटक्या वाणांची नावे. आम्ही ती परीक्षेसाठी पाठ केली आहेत. हे बियाणे आले मेक्सिकोतून. नॉर्मन बोरलॉग यांनी तेथे १९४४ पासून जे काम चालविले होते त्याचे हे फळ, आणि त्या कामाचे एक ठाणे चापिंगोलाच होते. बोरलॉग यांचा गहू आणि खानखोज्यांचा मका यांचा सांधा जोडण्याचा मोह काही लेखकांना होतो; तो मला होत नाही, कारण तो कार्यक्रम स्वतंत्र होता, माणसे वेगळी होती. मला फक्त एवढेच दिसते की ज्या मातीत हा माणूस पाव शतक वाण शोधीत राबला त्या मातीतून निघालेले बियाणे त्याच्या मायदेशाच्या उपाशी वर्षात बोटीवर चढले, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत नागपुरात त्याने डोळे मिटले.

२०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात खानखोज्यांचा पुतळा बसविण्यात आला. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला त्याच्या अनावरणाला गेले होते. बातमी वाचून मी तिचे कात्रण दादांना पाठविले. त्यावर त्यांचे उत्तर आले नाही.

गेल्या जानेवारीत मात्र मी त्यांच्या धर्मग्रामात दोन दिवस राहावयास गेलो होतो. धर्मग्राम लहान, शेतकरी आणि मजुरांचा. सकाळच्या मिस्साला तीस-पस्तीस माणसे. दादांनी नेहमीप्रमाणे वेदीवर येऊन त्या दिवशीच्या मिस्साचे हेतू वाचले: एका घरच्या आजाऱ्यासाठी, एका मयताच्या वर्षश्राद्धानिमित्त, आणि तिसरे नाव वाचले, पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून. तारीख २२ होती. मी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर एका म्हातारीने त्यांना गाठले. नाकात नथ, हातात काठी, डोळ्यांवर हात धरून तिने विचारले, “फादर, ते तिसरं नाव कोणाचं होतं? आपल्या धर्मग्रामातलं घर नाही वाटते ते.”

“नाही आजी,” दादा म्हणाले. “वर्ध्याकडचे होते. शेतकीतले.”

“अस्सं,” म्हातारी म्हणाली, आणि क्रुसाची खूण करून पायऱ्या उतरू लागली.